मेपलचा रस दोन दिवस येतो आणि थांबतो: दुसरं भोक पाडण्याआधी एवढं तपासा

मार्च उजाडला की मला हा फोन हमखास येतो. "शनिवारी भोक पाडलं, रविवारी अर्धी बादली भरली, सोमवारपासून थेंब नाही. झाड आजारी आहे का? दुसरं भोक पाडू का?"

फोन करणारे बहुतेक आपलेच लोक असतात. नवीन घर घेतलेलं असतं आणि मागच्या अंगणात एखादं मोठं मेपल मिळालेलं असतं. मी कॅनडात, दक्षिण ओंटारिओत, वॉटर्लूच्या बाजूला राहते आणि नऊ वर्षं अंगणातल्या दोन झाडांचा रस काढून, आटवून त्याचं सिरप करते आहे. पहिल्या वर्षी माझी बादली अशीच कोरडी पडली होती. तेव्हा मी एकाच झाडाला दहा दिवसांत तीन भोकं पाडली. त्यांच्या खुणा आजही खोडावर आहेत, आणि तिसऱ्या भोकातूनही रस आला नव्हता.

म्हणून आधीच सांगते, दुसरं भोक पाडू नका. ड्रिल आत ठेवा आणि पुढच्या गोष्टी याच क्रमाने तपासा.

रात्रीचं तापमान किती होतं?

माझं माहेर वेंगुर्ल्याकडचं. लहानपणी आमच्या माडावर माडी काढणारे काका चढायचे ते मी रोज बघायचे. माडाची पोय (न उमललेला फुलोरा) बांधायची, टोकाला रोज एक पातळ काप द्यायचा, खाली मडकं. एक दिवस काप चुकला तर जखम सुकते आणि रस थांबतो. गोव्यातले माडी काढणारे रेंदेरही हेच करतात. त्यामुळे मेपल थांबलं तेव्हा माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो हाच, की जखम सुकली, ताजी करायला हवी. आपल्याकडच्या बऱ्याच जणांचं इथेच चुकतं.

माडाचा रस म्हणजे पानांत तयार होऊन पोयीकडे चाललेली साखर. तो उन्हाळ्यातही येतो आणि चांगला गोड असतो. मेपलचा रस लाकडातून येतो, त्यात साखर जेमतेम दोन टक्के असते, आणि तो बाहेर पडतो तो झाडातल्या दाबामुळे. हा दाब रात्री गोठण्यातून आणि दिवसा वितळण्यातून तयार होतो. मेपलच्या लाकडातल्या तंतूंमध्ये पाण्याऐवजी हवा भरलेली असते, ही त्याची खासियत. रात्री थंडी पडली की फांद्यांपासून रस गोठायला लागतो, तंतूंच्या आत बर्फ धरतो आणि हवा दाबली जाते. त्या ओढीने मुळांकडून आणखी पाणी वर खेचलं जातं. सकाळी ऊन लागून बर्फ वितळला की दाबलेली हवा फुगते आणि रसाला ढकलते. त्या वेळी खोडाला जिथे भोक असेल तिथून तो बाहेर पडतो.

म्हणजे रात्र झाड भरते आणि दिवस ते रिकामं करतो. सलग दोन रात्री शून्याच्या वर गेल्या तर झाड भरलंच जात नाही. मग दिवसा बारा अंश असो की पंधरा, बादली कोरडीच राहते. नवख्या माणसाला हे उलटं वाटतं, कारण बाहेर छान ऊन असतं, बर्फ वितळत असतो, आणि नेमका तेव्हाच रस नसतो.

सगळ्यात चांगला दिवस कोणता, तर रात्री उणे ५ च्या आसपास आणि दिवसा अधिक ५ च्या आसपास. रात्री उणे १ झालं म्हणजे "गोठलं" असं धरू नका. तेवढ्याने बारीक फांद्याच गोठतात, खोड नाही, आणि दुसऱ्या दिवशी थोडाच रस येतो. उलट बाजूही लक्षात घ्या. आठवडाभर उणे १५ ची थंडी पडली असेल तर पहिल्या अधिक २ च्या दुपारी काही येणार नाही, कारण जाड खोड आतून वितळायला कित्येक तास लागतात. अशा वेळी दुसऱ्या दिवशी दुपारी पाहा.

मी स्वयंपाकघरात फ्रिजवर एक वही टांगते. तीनच रकाने आहेत: रात्रीचं तापमान, दिवसाचं तापमान, किती लिटर. गेल्या मोसमातल्या पाच ओळी इथे उतरवते. उणे ६, अधिक ४, सात लिटर. उणे ३, अधिक ६, पाच लिटर. अधिक १, अधिक ९, दीड लिटर. अधिक ३, अधिक ११, शून्य. उणे ४, अधिक ५, सहा लिटर. चौथ्या ओळीच्या दिवशी मी पूर्वी ड्रिल उचललं असतं. पाचव्या ओळीत त्याच भोकातून सहा लिटर आले, मी काहीच केलं नव्हतं.

तुमच्या फोनवर दिसणारं तापमान तुमच्या अंगणातलं नसतं. घरांच्या मधल्या अंगणात रात्री दोन-तीन अंशांचा फरक सहज पडतो, आणि शून्याच्या आसपास तेवढ्या फरकानेच सगळं ठरतं. दहा-पंधरा डॉलरचा थर्मामीटर झाडाजवळ सावलीत लावा.

भोकातून निघालेला भुसा कसा होता?

रात्री गोठतंय, दिवसा वितळतंय, तरी चार दिवस थेंब नाही, असं असेल तर भोकाकडे वळायचं. आणि भोकाबद्दलची खरी माहिती त्यातून निघालेल्या भुशात असते. बहुतेक जण तो फुंकून टाकतात.

हे मला एल्मायराच्या बाजूच्या एका शेतकरी आजोबांनी शिकवलं. एल्मायरात १९६५ पासून दर वसंतात मेपल सिरपचा मोठा मेळा भरतो. त्या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या सिरप करणारी मेनोनाइट (एका ख्रिस्ती पंथाची) घरं आहेत. आजोबा माझ्या अंगणात आले, बादलीकडे बघितलंसुद्धा नाही. ड्रिलचा बिट हातात घेतला. त्याच्या खाचेत आदल्या आठवड्याचा भुसा अडकून राहिला होता, तो त्यांनी नखाने काढला आणि हातमोज्याच्या तळव्यावर पसरला. वरचा भुसा मळकट तपकिरी, कॉफीच्या चोथ्यासारखा, आणि टोकाकडचा थोडासा पांढरट. "हे लाकूड मेलेलं आहे," ते म्हणाले. माझ्या आधी त्या घरात राहणाऱ्यांनीही कधीतरी रस काढला असणार. जुनं भोक सालीखाली बुजून गेलं होतं आणि मी बरोबर त्याच्या वर ड्रिल चालवलं होतं.

भुसा पांढरा किंवा मलईच्या रंगाचा, ओलसर, बोटाला चिकटणारा हवा. तसा असेल तर भोक योग्य जागी आहे. तपकिरी असेल तर ते लाकूड रस वाहून नेत नाही आणि पुढेही कधी नेणार नाही.

दुसऱ्या भोकाची मला एवढी चीड का येते, त्याचं कारण इथेच आहे. प्रत्येक भोकाभोवती झाड स्वतःच एक भिंत उभी करतं, म्हणजे जंतू पुढे सरकू नयेत. त्या भिंतीच्या आतला लाकडाचा भाग कायमचा बंद होतो. तो आडवा फार नसतो, भोकाहून थोडासाच रुंद. पण उभा मात्र भोकाच्या वर आणि खाली लांबवर जातो. बाहेरून भोक दोन-तीन वर्षांत भरून येतं आणि आपल्याला वाटतं की झालं बरं. आतली पट्टी तशीच राहते. झाड दरवर्षी बाहेरच्या बाजूने नवं लाकूड चढवतं, त्याच्याच जोरावर आपण रस घेतो. एका मोसमात तीन पट्ट्या मारल्या की ती भरपाई व्हायला कैक वर्षं जातात.

भुसा तपकिरी निघाला हे भोक पाडतानाच दिसलं, तर मात्र एक नवं भोक दुसऱ्या बाजूला पाडायला हरकत नाही, आणि तेही झाड पुरेसं जाड असेल तरच. छातीच्या उंचीवर घेर निदान ८० सेंटिमीटर असेल तर एक भोक. १४० च्या पुढे असेल तर दोन. दोनाच्या वर कधीच नाही, झाड कितीही मोठं असो. ८० च्या आतलं झाड असेल तर ते सोडून द्या, त्याला अजून वाढायचं आहे.

खोलीही बघा. सालीच्या आत लाकडात साधारण ४ सेंटिमीटर. जास्त खोल गेलात तर जास्त रस येईल असं वाटतं, पण आतलं लाकूड जुनं, रस कमी, जखम मात्र मोठी. मी बिटवर रंगीत चिकटपट्टी गुंडाळते, पट्टी सालीला टेकली की थांबायचं. बिट तोटीच्या, म्हणजे भोकात बसवून रस बादलीत सोडणाऱ्या छोट्या नळीच्या, मापाचाच हवा. आजकाल ५/१६ इंची तोट्या मिळतात, जुन्या ७/१६ इंची असायच्या. लहान भोकातून रस जवळपास तेवढाच येतो आणि झाड लवकर भरून येतं, म्हणून नव्याने घेत असाल तर ५/१६ घ्या. भोक आतून बाहेर किंचित उतरतं ठेवा, म्हणजे रस आत साचत नाही.

भोक किती जुनं आहे?

हल्ली एक नवीन प्रकार दिसतो. जानेवारीत दोन दिवस ऊब आली की लोक उत्साहाने भोक पाडतात, मग पाच आठवडे कडक थंडी, आणि मार्चच्या ऐन मोसमात रस कमी. भोक पाडल्याक्षणी त्यात जंतू शिरतात आणि घड्याळ सुरू होतं. साधारण सहा आठवड्यांत भोकाच्या कडा बंद होत जातात. ऊब वाढली तर त्याच्याही आधी. आमच्या भागात मी फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्याआधी भोक पाडत नाही, आणि पुढच्या आठवड्याचा अंदाज बघूनच पाडते. अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये जुनी पद्धत अशी की मार्चच्या पहिल्या मंगळवारी गावसभा भरते त्या सुमाराला झाडं टोचायची. तुम्ही जिथे असाल तिथली अशी जुनी खूण विचारून घ्या.

एकेकाळी भोक उघडं राहावं म्हणून त्यात फॉर्मॅल्डिहाइडची गोळी टाकायचे. रस जास्त दिवस यायचा, पण गोळी झाडाची ती भिंतच उभी राहू द्यायची नाही आणि लाकूड आत सडत जायचं. कॅनडा आणि अमेरिका दोन्हीकडे ती आता बंद आहे. कोणी जुन्या गोदामातली डबी दिली तर घेऊ नका. ब्लीच, हळद, मध असलं काहीही भोकात घालू नका. हळदीबद्दल मला खरंच दोनदा विचारलं गेलंय, म्हणून लिहिते. बिट आणि तोटी आधी उकळत्या पाण्यातून काढा, भोक पाडलं की लगेच तोटी बसवा. प्लास्टिकच्या तोट्या दरवर्षी नव्या घ्या. त्यांची किंमत एका कॉफीएवढीही नसते आणि फरक बादलीत दिसतो.

रस येतोय, पण बादलीत नाही

तोटीच्या खालची साल ओली, काळपट दिसते का ते पाहा. दिसत असेल तर रस तोटीच्या बाहेरून गळतोय. तोटी हलक्या हातोडीने दोनच टोले देऊन बसवायची असते. टक्‌ टक्‌ असा पोकळ आवाज बदलून ठक्‌ असा भरीव आला की थांबायचं. त्यापुढे एक टोला जरी दिला तरी लाकूड उभं चिरतं, आणि त्या चिरेतून रस मोसमभर वाहून जातो. गोठलेल्या लाकडात तोटी ठोकली तरी हेच होतं, म्हणून भोक पाडायचं ते दुपारी, खोड वितळलेलं असताना. सैल असेल तर अलगद एक टोला द्या. चीर पडली असेल तर काही लावू नका, जेवढा रस येईल तेवढा घ्या.

प्लास्टिकची नळी लावून बादली जमिनीवर ठेवली असेल तर नळीचं टोक बादलीतल्या रसात बुडालेलं नाही ना ते बघा. रात्री झाड गोठताना ओढ घेतं हे वर सांगितलं. टोक रसात असेल तर बादलीतला शिळा रस जंतूंसकट परत भोकात खेचला जातो आणि भोक लवकर निकामी होतं. टोक झाकणाच्या आत, पण रसाच्या वर अधांतरी ठेवा. खारी नळी कुरतडतात, तेही एकदा हात फिरवून तपासा.

झाड मेपलच आहे ना?

पानं नसताना चूक होते. मेपलच्या फांद्या समोरासमोर जोडीने फुटतात. ओकच्या एकाआड एक. शुगर मेपलची कळी तपकिरी आणि टोकदार, रेड मेपलची लालसर आणि बोथट. रेड मेपलचाही रस निघतो, साखर जरा कमी असते. नॉर्वे मेपलच्या पानाचं देठ मोडलं की दुधासारखा चीक येतो, पण हे तपासायला पानं फुटेपर्यंत थांबावं लागेल. आणि फुटपाथच्या कडेचं झाड बहुधा नगरपालिकेचं असतं, आपलं नाही. त्याला परवानगीशिवाय हात लावू नका.

मोसमच संपला असेल तर

कळ्या फुगल्या, बादलीतला रस पिवळसर झाला, उकळताना आंबूस किंवा कोबी शिजल्यासारखा वास आला, तर थांबायचं. कळ्या जाग्या झाल्या की रसातले घटकच बदलतात. तो वास कितीही आटवलं तरी जात नाही, उलट दाट होतो. रेड मेपलच्या कळ्या आधी फुगतात, म्हणून त्याचा मोसम आधी आटोपतो. पाच-सहा आठवडे मिळाले असतील तर झाडाने भरपूर दिलं आहे. बादली लावून एका तोटीमागे मोसमात साधारण लिटरभर सिरप झालं तर ते चांगलं समजतात.

बादली भरल्यावर बिघडतं ते

थोडक्यात लिहिते. रस दुधासारखा नाशवंत समजा, म्हणजे ४ अंशांच्या आत ठेवा आणि दोन-तीन दिवसांत आटवा. किंचित गढूळ झाला तरी चालतो, सिरप गडद होतं एवढंच. तार धरायला लागला किंवा आंबला तर टाकून द्या. बादल्या खाण्याच्या वापरातल्या हव्यात. जुन्या बाजारातल्या पत्र्याच्या बादल्या सुंदर दिसतात, पण त्यांच्या डाग देऊन जोडलेल्या सांध्यांत शिसं असू शकतं, त्या भिंतीवरच शोभतात.

किती आटवायचं याचा हिशेब सोपा आहे. ८६ ला रसातल्या साखरेच्या टक्क्याने भागा. दोन टक्के असेल तर ४३ लिटर रसाचं एक लिटर सिरप, दीड टक्का असेल तर ५७ लिटर. म्हणजे चाळीस-पन्नास लिटर पाण्याची वाफ. ती घरात केलीत तर भिंती चिकट होतात आणि वॉलपेपर सुटतो. अंगणात चूल मांडा. फेस वर आला तर तुपाचा एक थेंब पुरतो.

आणि आपल्या लोकांची हमखास होणारी चूक पाकाची. गुलाबजामाचा पाक हाताला बसलेला असतो, म्हणून आपण एकतारीची वाट बघतो. एकतारी येईपर्यंत सिरप पुढे निघून गेलेलं असतं, आणि महिन्याभरात बाटलीच्या तळाशी खडीसाखरेसारखे खडे बसतात. सिरप पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या ४ अंश वर तयार होतं. त्या दिवशी आधी साधं पाणी उकळून थर्मामीटर काय दाखवतो ते बघा, कारण हवेच्या दाबाप्रमाणे तो आकडा हलतो, आणि मग त्यात ४ मिळवा. काकवीहून बरंच पातळ वाटेल, वाटू द्या, गार झाल्यावर दाट होतं. त्याआधीच उतरवलंत तर उलटी तक्रार येते, वर बुरशी धरते. शेवटी खाली वाळूसारखा गाळ दिसतो, तो झाडातलंच कॅल्शियम असतं. गरम असतानाच जाड फेल्टच्या गाळण्यातून गाळा आणि ८२ अंशांच्या वर असतानाच बाटलीत भरा.

तोटी काढताना

शेवटचा रस आला की तोटी पक्कडीने सरळ ओढून काढा, पिळू नका. भोकात बूच, मेण, मलम काही नको, ते उघडंच राहू द्या, झाड आतून स्वतः मिटवतं. मी भोकाशेजारी मोजपट्टी धरून एक फोटो काढते आणि वहीच्या मागच्या पानावर खोडाचं साधं चित्र काढून ठिपका देते, बाजूला वर्ष लिहिते. पुढच्या वर्षीचं भोक त्या ठिपक्यापासून निदान १५ सेंटिमीटर बाजूला, आणि त्याच्याच सरळ रेषेत वर-खाली घ्यायचं झालं तर निदान ६० सेंटिमीटर लांब. माझ्या थोरल्या झाडाच्या चित्रात पहिल्या वर्षाचे तीन ठिपके शेजारी-शेजारी आहेत. त्या बाजूला मी अजून तोटी लावत नाही.